शिल्लक बारा दिवस

१

"बारा," चुडामण म्हणाला.

कुमुदला वाटलं, वाक्य अजून पुरं व्हायचं आहे. बारा वाजता या, किंवा बारा रुपयांचं तिकीट लावा, असं काहीतरी. सकाळच्या एसटीनं धुळ्याहून निघून पारोळ्याला अर्धा तास खोळंबून ती एरंडोलला पोचली होती. तिथून जिनपर्यंत पायी. ती पुढच्या शब्दांची वाट बघत उभी राहिली.

"बारा दिवस, ताई. नानांची शिल्लक रजा."

श्रमसाफल्य सहकारी जिनिंग संस्थेच्या कचेरीत कापसाचा हंगाम संपला तरी कापसाचाच वास असायचा. चुडामण तिथला आस्थापना कारकून. त्यानं टेबलावर चार अर्ज मांडून ठेवले होते. भविष्यनिर्वाह निधीचा, ग्रॅच्युइटीचा, गटविम्याचा आणि शिल्लक रजेच्या पैशांचा. पहिले तीन तिच्या वडिलांनी, अभिमन पाटलांनी, निवृत्तीच्या दिवशीच भरून दिले होते. अक्षर नेहमीचं, मोत्याच्या सरासारखं. चौथ्यावर नुसतं नाव होतं. पुढे कोरा.

निवृत्तीनंतर तेविसाव्या दिवशी नाना गेले. तो कोरा अर्ज आईच्या वतीनं भरायला कुमुद आली होती.

"दोनशेचाळीस असतील," ती म्हणाली. "नियमात तेवढीच साठते ना? ती भरून वाहत असणार. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते सकाळची हजेरी घेऊन मांडवात आले होते."

"मी कुठे नाही म्हणतो? अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या टोपीला रुई चिकटली होती. मीच झटकली." चुडामण जरासा हसला आणि लगेच गंभीर झाला. "पण वही काही लग्नाला आली नव्हती, ताई. वही काय म्हणते ते बघा."

त्यानं रजेचं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. पंच्याऐंशी सालापर्यंत खातं भरलेलं, दोनशेचाळीस. मग दरवर्षी एक जून ते तीस जुलै, साठ दिवस, अर्जित रजा. आठ वर्षं. दरसाल तीस दिवस जमा, साठ खर्च. ब्याण्णवच्या जुलैला खातं शून्यावर आलं होतं. ऑगस्टपासून जमा झालेली पंचवीस, आणि शेवटच्या आजारपणात गेलेली तेरा वजा. बारा.

कुमुद धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. वह्यांवर तिचा माणसांपेक्षा थोडा जास्त विश्वास होता. पण शहाऐंशीच्या जुलैत ती बाळंतपणासाठी महिनाभर माहेरी होती. संस्थेच्या क्वार्टरच्या ओट्यावरून समोरचा वजनकाटा दिसायचा. त्या महिन्यात एकही दिवस असा नव्हता, की काट्याच्या खिडकीत नाना दिसले नाहीत.

२

आई, प्रमिलाबाई, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं आकडा ऐकला. हात थांबले नाहीत.

"बारा दिनना किती व्हतीन?"

"साठ रुपये रोजानं सातशेवीस."

"आनि दोनशेचाळीसना?"

"चौदा हजार चारशे."

क्वार्टर तीन महिन्यांत रिकामं करायचं होतं. गावात नानांनी घेतलेल्या तुकड्यावर भिंती चढल्या होत्या, दारं-खिडक्यांच्या चौकटी बसल्या होत्या, वर आभाळ होतं. गवंडी दोनदा येऊन गेला होता. रजेचे पैसे आले की स्लॅब, असं दोन वर्षं घरात ठरलेलं होतं.

"नाना स्वतः म्हणाले होते ना, रजेचे पैसे येतील म्हणून?" कुमुदनं विचारलं.

आईनं एक खडा वेचून लांब फेकला. "तो कव्हय म्हणना? मीच म्हणू. तो आयकी ले."

म्हणजे आई म्हणायची आणि नाना नुसतं ऐकून घ्यायचे. हे कुमुदच्या मनात टोचून राहिलं. नाना खोटं बोलत नसत. बोलायची वेळ आली की गप्प बसत.

"आई, जून-जुलैत ते खरंच कामावर जायचे?"

"मंग कथा जाई? डबा कोनले दिऊ मी? तुले काय वाटस, तुना बाप दोन महिना तमाशा दखाले जाये?"

दोघींनाही हसू आलं, आणि दोघींनीही ते अर्ध्यावर सोडलं. घरात हसायची सवय अजून परतली नव्हती.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कुमुदनं दोनच शक्यता धरल्या. दुसऱ्या कुणाची रजा नानांच्या खात्यावर चढली, किंवा कुणीतरी ती चढवली. पहिली चूक एकदा होते. आठ वर्षं ओळीनं, त्याच तारखांना, चूक होत नाही. आणि रजेचं रजिस्टर लिहिणारा हात एकच होता, चुडामणचा.

३

"रजेचे अर्ज दाखवा," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

चुडामणनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ताई, त्या खुर्चीवर बसू नका, तिचा पाय ऑडिटरसाठी मोडका ठेवलाय. इकडे बसा." मग उठून त्यानं कपाटातून एक फाईल काढली. "नाही बघितलंत तर बरं."

आठ अर्ज. 'घरगुती कारणास्तव साठ दिवस अर्जित रजा मिळावी.' आठही नानांच्या हातचे. सही नानांची. खाली मंजुरीची सही व्यवस्थापक मोतीलाल पवारांची.

कुमुदनं कागद उन्हाकडे धरून पाहिले. अक्षर गिरवलेलं नव्हतं. 'स'चा पाय ओढून खाली वळवायची ती सवय शिकून येत नाही.

"आता काट्याच्या पावत्या. जून-जुलैच्या."

"त्या कशाला?"

"संस्थेचा काटा बारा महिने चालू असतो. खताचे, सरकीचे ट्रक येतात. नाना रजेवर, तर पावत्या कुणी फाडल्या?"

पावतीबुकं जिन्याखालच्या फडताळात होती. तिनं तीन वर्षांची बुकं चाळली. ट्रकचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. प्रत्येक पावतीवर तोच 'स', तोच ओढलेला पाय.

म्हणजे माणूस घरगुती कारणासाठी रजेवर होता आणि काट्यावर बसून कामही करत होता. रजेचा पगार तर मिळतच होता, कामाचा वेगळा पैसा नाही. यात नानांना मिळत काय होतं? काहीच नाही. मग मिळत कुणाला होतं?

"कायम माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी बदली घेता येतो ना, चुडामणभाऊ? रोजंदारीवर?"

चुडामणनं चष्मा काढून पुसला. "येतो."

"व्हाउचर दाखवा."

व्हाउचरं निघाली. 'बदली कामगार छगन वना, दिवस साठ.' पैसे पावल्याची निशाणी म्हणून अंगठा.

"अंगठा?" कुमुद म्हणाली. "काट्याच्या कारकुनाच्या बदली निरक्षर माणूस? तो वजन लिहिणार कसं? चुडामणभाऊ, हा छगन आहे तरी का? की हे पैसे कुणाच्या तरी खिशात—"

"ताई!" चुडामण उभाच राहिला. "तेवीस वर्षं झाली मला इथे. पिना घरी नेल्या असतील. माणसं नाही खाल्ली."

दारात कुणीतरी खाकरलं. व्यवस्थापक मोतीलाल पवार उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. ते केव्हापासून ऐकत होते, कळायला मार्ग नव्हता.

"कुमुदताई," ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "नानांचं नाव या जिनमध्ये मोठं आहे. मोठंच राहू द्या. फार उकरू नका."

४

धमकी असती तर तिला समजली असती. ते काळजीनं बोलल्यासारखे बोलले होते, म्हणून ती जास्त घाबरली. नानांनी काय केलं होतं?

ओट्यावर बसून तिनं व्हाउचरांची उतरवून आणलेली नोंद पुन्हा पाहिली. तेव्हा तिला ती गोष्ट दिसली. पुरुषाचा अंगठा घेतात तो डाव्या हाताचा. बँकेत, तलाठ्याकडे, सगळीकडे. इथे मात्र आठही व्हाउचरांवर नानांनी ठशाशेजारी लिहिलं होतं, 'निशाणी उजवा अंगठा'.

खोटा माणूस उभा करणारा कागद असा बनवतो, की कुणाची नजर अडू नये. तो डावाच अंगठा उठवील. उजवा उठवतो तो खरा माणूस, ज्याला डावा नाही. तिनं चुडामणवर उगाच आळ घेतला होता.

"आई, जिनमध्ये डावा हात गेलेला कुणी होता?"

"थोटा छगन? तो शे ना, पद्मालयना वाटवर. भला माणूस. तुना बाप गया तव्हय तीन दिन आठेच बशी राहिंता."

कुमुदला आठवलं. अंगणाच्या कडेला टॉवेलात हात गुंडाळून बसलेला, कुणाशी न बोलणारा एक माणूस. त्याला चहा दिल्याचंही तिला आठवलं, आणि तो त्यानं प्यायला नव्हता हेही.

छगनचं घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. तो दोर वळत होता. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं उजव्या हातात. डाव्या हाताला मनगटापुढे फक्त करंगळी उरली होती. बायको, भिकुबाई, चुलीपाशी होती.

"नानानी पोर उनी व," तो म्हणाला आणि उठायला लागला.

"बस रे, बस. तुना उठाथीन ती काय उंच व्हवाव शे?" भिकुबाई म्हणाली, आणि कुमुदसाठी गोधडी अंथरली.

छगन लपवणारा माणूस नव्हता. दरवर्षी दोन महिने बदली म्हणून त्याला रोजगार मिळत होता. जिनमध्ये तो फक्त झाडलोट करायचा, काट्यावर नाना बसायचे. हे का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"एकदाव विचारं व्हतं मी," भिकुबाई म्हणाली. "म्हणं, नाना, तुम्हले काय मिळस? त्या काहीच बोलना नहीत. पाणी मांगं फक्त."

"हात कसा गेला?" कुमुदनं विचारलं.

"पंच्याऐंशीनी संक्रांत. दुसरा दिन, कर. करना दिन कोनी कामले हात लावस नही, मोतीलालसायबनी तरी जिन चालू ठेई. मशीनवरनी जाळी काढेल व्हती, कापूस लवकर जावाले पाहिजे म्हणीसन." त्यानं करंगळीनं दोर जरा सारला. "सकायना गूळ आजून तोंडमा व्हता माले. तो तोंडमा शे आनि हात गया."

"भरपाई?"

"जळगावथीन साहेब उना व्हता. त्यानी सांगं, तुनं नाव त्या दिन हजेरीमा नही. तू कामवर नव्हता, तमाशा दखाले आत गया. मुकादम इसरी गया व्हई बिचारा."

कुमुद गोधडीवरून उठली. हजेरी मुकादम घेत नसे. जिनची हजेरी कोण घ्यायचं, हे तिला कुणालाही विचारावं लागलं नाही.

५

"काल बोलले त्याबद्दल माफ करा," ती चुडामणला म्हणाली. "पंच्याऐंशीच्या जानेवारीची हजेरी हवी."

चुडामणनं हजेरीपट काढून दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

हजर माणसापुढे उभी रेघ, गैरहजर माणसापुढे तिरकी फुली. पानभर नानांची सुबक शेती. पंधरा तारखेच्या रकान्यात छगनपुढेही फुली होती, पण ती तिरकी नव्हती. उभ्या रेघेवर मागाहून एक आडवी रेघ ओढलेली होती, जरा फिक्या शाईची. शेजारी बारीक सही, 'अ. पा.' हजेरीत दुरुस्ती केली तर सही करायची, हा नियम. खोटं करतानाही नानांनी तो पाळला होता.

"तुम्हाला माहीत होतं," कुमुद खिडकीकडे न बघता म्हणाली.

"त्या वर्षी विम्याचा हप्ता थकला होता. भरपाई संस्थेला द्यावी लागली असती आणि जाळीबद्दल साहेबांवर खटला. साहेब म्हणाले, अभिमन, एक रेघ. नानांच्या नोकरीला आठ वर्षं उरली होती, आणि तुमचं दुसरं बाळंतपण तेव्हा व्हायचं होतं. ओढली त्यांनी." चुडामणचा आवाज खाली गेला. "जूनमध्ये रजेचा पहिला अर्ज आणला. साहेबांनी वाचला, नानांकडे बघितलं, आणि सही केली. आठ वर्षं दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत."

सगळं जुळलं होतं. कोरा अर्ज, आईच्या बोलण्याला कधी न दिलेला दुजोरा, भिकुबाईपाशी मागितलेलं पाणी. नानांच्या रजेची चोरी झाली नव्हती. ज्याचं त्यांनी बुडवलं, त्याला ते ती साठ-साठ दिवसांनी फेडत होते. अर्धवट, चोरून, आणि समोरच्याला कशाबद्दल ते न सांगता. कुमुदला त्यांचा राग आला. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच तिला रडण्याऐवजी राग आला, आणि त्यानं ती आणखी थकली.

पण छगन म्हणाला होता, गूळ तोंडात होता.

"चुडामणभाऊ, रुई घशात बसू नये म्हणून रोज सकाळी गूळ वाटायचे ना? त्याची वही असायची?"

"गूळ चोरीला जायला लागला तेव्हापासून. दर माणसाची सही नाहीतर अंगठा." तो वळला. त्याच्या लक्षात आलं होतं. "ती भांडारात असायची. नानांच्या हातात कधी नव्हती."

वही वाळवीनं कडेला खाल्लेली होती. पंधरा जानेवारी एकोणीसशे पंच्याऐंशी. छगन वना, गूळ एक खडा. पुढे जांभळ्या शाईतला अंगठा. डावा.

तो हात असलेला शेवटचा दिवस, आणि ज्या दिवशी हजेरीप्रमाणे तो माणूस तिथे नव्हताच, तो हाच दिवस.

मोतीलाल पवार आले तेव्हा चुडामण गुळाच्या वहीवर कोपर टेकून बसला होता. पवारांनी हजेरीपट तेवढा उचलला, बगलेत मारला.

"कळलं ना सगळं? मी नको म्हणत होतो." ते खुर्चीवर बसले. तेही थकलेले दिसत होते. "हे बघा, नाना प्रत्यक्ष कामावर होते. काट्याच्या पावत्या साक्षीला आहेत. मी आठही रजा रद्द करतो. दोनशेअठ्ठावीस दिवस परत जमा. तेरा हजार सहाशेऐंशी आणि बाराचे सातशेवीस. आठवड्यात चेक. वहिनींच्या डोक्यावर छप्पर होईल."

"आणि छगनला दिलेले बदलीचे पैसे?"

"रजाच नव्हती, तर बदली कसली? वसुली निघेल. पण मी ती काढणार नाही, शब्द देतो. हे जुनं इथेच मिटलं तर."

"आणि न मिटलं तर?"

"तर वसुली छगनकडून, आणि खोट्या रेघेखाली सही कुणाची आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे. माझी कुठेच नाही."

कुमुद म्हणाली, "वारस आई आहे. तिला विचारावं लागेल."

६

तिनं आईला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना तिचं लक्ष आईच्या हातांकडे होतं. हात मांडीवर स्वस्थ होते.

आईनं विचारलं, "छगनना पोरं कितला?"

"तीन."

"तव्हय धाकला रांगे. मी दखेल शे." मग ती म्हणाली, "दर जूनमा तो रातले उठी बसे. मी म्हनू, गरम व्हस का? तो म्हने, हा."

"आई, पैसे घेतलेस तरी तुला कुणी नावं ठेवणार नाही. मीही नाही. छप्पर तुझं आहे. आणि नाही घेतले, तर नानांचं नाव कोर्टात जाईल. गावभर होईल."

"तुना बापनं नाव मन्हा कपायवर व्हतं चाळीस वरीस. आते ते माले सांभाळता येस." आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "पत्रा टाकूत. पत्रा कितलाले पडस, इचार त्या गवंडीले. उन्हाळामा तापी, तापो."

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी कचेरीत बारा दिवसांच्या रजेच्या पैशांची पावती सही करून दिली. सही लहानपणी शिकलेली, मोठ्ठी. मोतीलाल पवारांनी ती दोनदा वाचली. "वहिनी, विचार करा," ते म्हणाले.

"कया इचार," आई म्हणाली. "तुम्हीबी करा."

ते आत गेल्यावर चुडामणनं ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं. "संचालक मंडळाचा ठराव आहे, ताई. पाच वर्षांपलीकडच्या किरकोळ वह्या रद्दीत काढाव्यात. हजेरी किरकोळ नाही, ती मला देता येणार नाही, कोर्टानं मागवली की साहेबांना आणावी लागेल. गूळ मात्र किरकोळ." त्यानं गुळाची वही तागडीत टाकली. "साडेचारशे ग्रॅम. सव्वा रुपया द्या. पावतीवर लिहितो, गुळाची वही, सन पंच्याऐंशी. म्हणजे ती कुठून आली, हे कुणी विचारलं तर माझी सही आहे."

"तुमची नोकरी?"

"माझी रजा शिल्लक आहे," चुडामण म्हणाला. "बघू."

जळगावला वकिलांनी आशा लावली नाही. आठ वर्षांचा उशीर आहे, म्हणाले. पण हजेरीच खोटी होती म्हणून माणसाला दाद मागता आली नाही, हे दाखवता आलं तर उशीर माफ होऊ शकतो. बदलीच्या पैशांची वसुली निघाली तर तीही तिथेच लढू. मात्र ती आडवी रेघ कुणी ओढली हे प्रतिज्ञापत्रावर सांगणारं कुणीतरी लागेल. अक्षर ओळखणारं.

कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात छगन बाकाच्या अगदी टोकाला बसला होता. आदल्या दिवशी कुमुदनं त्याला ती रेघ सांगितली होती. त्यानं ऐकून घेतलं होतं आणि दोर वळायला घेतला होता. आज तो येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. तो आला होता. तिच्याशी बोलला नव्हता.

आतल्या कारकुनानं प्रतिज्ञापत्राचा कागद मशीनमध्ये चढवला. नाव, वय, धंदा, राहणार धुळे. छगनच्या वतीनं साक्षीदार. तो भराभर टाइप करत होता.

"हजेरीपटातील नोंद खोटी आहे आणि ती करणाऱ्या इसमाचं हस्ताक्षर मी ओळखते." त्यानं मान वर केली. "कशावरून ओळखता? तो इसम तुमचा कोण?"

मागे बाक करकरलं. छगन दाराशी येऊन उभा राहिला होता.

"वडील," कुमुद म्हणाली. कारकुनाची बोटं थांबली, तेव्हा ती पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाली, "माझे वडील. लिहा."

कारकुनानं लिहिलं.